पडझडीचे प्रेम

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सारी झाडीपट्टी खिडकीतून सरकत जाते. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड, मूल. मग एक स्टेशन येते, त्याचे नाव ‘चांदा फोर्ट’. शहराचे नाव केव्हाच चंद्रपूर झाले, एके काळची अरुंद रेल्वे गेल्या शतकाच्या अखेरीस रुंद झाली, पण फलकावरचा किल्ला काही हलला नाही. गेल्या वैशाखात एका लग्नासाठी तेथे जाण्याचा योग आला. मुहूर्त दुपारचा होता, आणि चंद्रपूरच्या वैशाखात दुपारी काय होते ते ज्याने भोगले आहे त्याला सांगायला नको. म्हणून पहाटेच उठलो आणि यजमानांच्या मुलाला बरोबर घेऊन परकोटावर चढलो.

परकोट म्हणजे गोंड राजांच्या राजधानीची तटबंदी. तिचा घेर सुमारे ११ किलोमीटर. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, आणि त्यांची नावे अशी की कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे: चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसाण खिडकी, बगड खिडकी. दरवाज्यांवर हत्तीला खाली दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. हे गोंड राजांचे चिन्ह. तटाच्या जन्माची गोष्ट तिकडे पोरासोरांनाही पाठ असते. अंगावर फोड उठलेला खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला, झरपटीच्या पाण्याने त्याचे फोड बरे झाले, आणि मग त्याने एक अचंबा पाहिला: ससा पुढे पळण्याऐवजी कुत्र्याच्या मागे लागला होता. राणीच्या सल्ल्याने राजाने त्या ससा-कुत्र्याच्या धावेच्या खुणेवरच तटाचा पाया आखला. बांधकाम मग पुढच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले. म्हणजे इंजिनियराच्या नकाशावरून नव्हे, तर एका गोष्टीवरून आखलेली ही भिंत आहे. वाङ्मयाचा व्यवसाय करणाऱ्याने तिच्यापुढे जरा नम्र व्हावे हे बरे.

मी नम्र झालो खरा, पण माझ्या खिशात वही होती. वर उभा राहून मी तिच्यात लिहिले की, भग्न तट उदास होऊन गतवैभवाची वाट पाहत आहे. लिहिले आणि मान वर केली. तटावर एक म्हातारे जोडपे सकाळच्या फेरीला निघाले होते. खाली कोणाचा तरी संसार जागा होत होता, कुकरची शिटी वाजत होती, एक बाई चुंबळ सावरत नळाकडे चालली होती. झाडेझुडपे काढलेला तट लांबवर स्वच्छ दिसत होता. २०१७ सालापासून ‘इको-प्रो’ या तेथल्या संस्थेच्या तरुणांनी विळे-कोयते घेऊन, शेकडो दिवस श्रमदान करून तो साफ केलेला आहे. भग्नही नाही, उदासही नाही, आणि वाट तर तो कोणाचीच पाहत नव्हता. मग माझ्या वहीत ते वाक्य आले कोठून?

या प्रश्नाने त्या लग्नाची जेवणावळ मला गोड लागू दिली नाही. वाक्य माझे नव्हते हे उघड होते. ते मराठी ललित लेखनाच्या समाईक कोठारातले होते. जुनी इमारत दिसली की लेखणी आपोआप त्या कोठारात हात घालते आणि ‘भग्न’, ‘उदास’, ‘मूक साक्षीदार’, ‘काळाच्या उदरात’ असे चार जिन्नस बाहेर काढते. वास्तू उभी असली तरी आपण ती पाडूनच लिहितो. पडझडीवर आपले प्रेम आहे. वास्तूवर आहे की नाही, याची मला अलीकडे शंका येऊ लागली आहे.

शब्दांनी वास्तूचे काही होते का, असे कोणी विचारील. होते, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याच घरात आहे. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रजाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दैना वर्णिली. परक्याने लिहिलेले ते चार शब्द महाराष्ट्राला झोंबले. १८९५ साली टिळकांनी ‘केसरी’तून हा विषय हाती घेतला, निधी जमू लागला, १८९६ साली गडावर उत्सव झाला आणि पुढे समाधीचा जीर्णोद्धारही झाला. समाधीकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले हा वाद वेगळा आहे, आणि त्यात महात्मा फुल्यांचे नाव घेतल्याशिवाय चालणार नाही. माझा मुद्दा एवढाच की, छापील मजकुराने चुना आणि दगड गडावर चढवले. त्यानंतर गो. नी. दांडेकरांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहून मराठी माणसाला किल्ल्यांचे पायी वेड लावले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांच्यामागे पुरातत्त्वाचे कागद असतील. पण त्या कागदांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचे मराठी लेखन उभे आहे, हे कोणी नाकारू नये.

त्या बारांत विदर्भातला एकही नाही. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. यादीचा विषयच वेगळा होता. एक गंमत मात्र सांगतो. त्या यादीत प्रतापगड आहे, आणि प्रतापगड आमच्या गोंदिया जिल्ह्यातही आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीला तेथे महादेवाची यात्रा भरते, दर्ग्यावर उरूस होतो, आणि दोन्हींकडे माणसे तीच असतात. आमच्या शाळेतल्या पोराला ‘प्रतापगडावर निबंध लिही’ म्हटले की तो अफझलखानाच्या वधावर लिहितो. स्वतः दरवर्षी पायी चढतो त्या डोंगरावर निबंध लिहिता येतो, हे त्याच्या गावीच नसते. दोष त्याचा नाही. त्याने वाचलेल्या पुस्तकांत तो डोंगरच नाही. चंद्रपूरचा इतिहास अ. ज. राजूरकरांसारख्यांनी निष्ठेने लिहिला, १८६९ च्या जमाबंदी अहवालात मेजर ल्युसी स्मिथने गोंड राजांची हकीकत नोंदवली. पण इतिहास म्हणजे ललित लेखन नव्हे. बिरशहाच्या मागे राज्य सांभाळणाऱ्या आणि त्याची देखणी समाधी उभारणाऱ्या राणी हिराईवर, मुमताजच्या ताजमहालावर लिहिले गेले त्याच्या शतांशाने तरी मराठीत लिहिले गेले आहे काय?

आता जरा दूरची गोष्ट सांगतो. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगोने पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चवर कादंबरी लिहिली. राज्यक्रांतीत त्या इमारतीची मोडतोड झाली होती आणि लोकांना जुन्या बांधणीची लाज वाटत होती. ह्यूगोने कादंबरीत कथानक बाजूला ठेवून प्रकरणेच्या प्रकरणे त्या दगडांवर खर्च केली. अधीर वाचक ती पाने उलटून पुढे जातो. मीही पहिल्या वाचनात तेच केले. पण फ्रान्समध्ये हवा पालटली ती या कादंबरीमुळे. १८४० च्या दशकात व्हिओले-ल-द्युक आणि लासू यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम गेले आणि ते वीस वर्षे चालले. एका कादंबरीने एक इमारत वाचवली. मात्र व्हिओले-ल-द्युकने नुसते होते तेवढे सांभाळले नाही. त्याने नवा मनोरा चढवला, माथ्यावर आपल्या कल्पनेतले चित्रविचित्र प्राणी बसवले. १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागून तो मनोरा कोसळला तेव्हा मध्ययुग जळाले म्हणून जग रडले. जळाले ते एकोणिसावे शतक होते. २०२४ च्या डिसेंबरात चर्च पुन्हा उघडले, आणि मनोरा पुन्हा व्हिओले-ल-द्युकच्याच आराखड्याने उभा केलेला आहे.

याच्याही पलीकडची तऱ्हा अमेरिकेत झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम गावी जॉन टर्नर नावाच्या व्यापाऱ्याने १६६८ साली समुद्रकाठी घर बांधले. पुढे ते इंगरसोल घराण्याकडे गेले, आणि त्या घराण्यातली सुझाना ही नॅथनियल हॉथॉर्न या कादंबरीकाराची नात्यातली बहीण. तो तेथे जाई-येई. १८५१ साली त्याने ‘सात गेबलांचे घर’ ही कादंबरी लिहिली. गेबल म्हणजे दुपाखी छपराच्या टोकाला भिंतीचा जो त्रिकोण वर निघतो तो. आता मौज अशी की हॉथॉर्नच्या वेळी त्या घराला सात त्रिकोण नव्हतेच. बरेचसे काढून टाकलेले होते आणि तीनच उरले होते. १९०८ साली कॅरोलिन एमर्टन या बाईंनी ते घर विकत घेतले. गावात नव्याने आलेल्या स्थलांतरित कुटुंबांसाठी त्यांचे समाजकार्य चाले. घर पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटातून त्याला पैसा मिळावा हा हेतू. जोसेफ चँडलर या वास्तुतज्ज्ञाच्या हातून दुरुस्ती झाली, जुने त्रिकोण परत बसवून सात भरवले गेले आणि १९१० साली घर लोकांसाठी उघडले. पण लोक पाहायला येणार ते कादंबरीतले घर! म्हणून कादंबरीतल्या म्हाताऱ्या हेप्झिबाचे किरकोळ विक्रीचे दुकानही तेथे मांडले गेले आणि एक गुप्त जिनाही बांधला गेला. आज शाळकरी मुले रांगेने त्या जिन्यातून चढतात.

हे खोटे झाले का? शुद्धतावादी म्हणतील, झाले. मला तसे म्हणवत नाही. घर वाचले, गरिबांच्या मुलांना शिक्षण मिळाले, आणि १६६८ चे सागाइतके चिवट लाकूड अजून जागेवर आहे. पण या प्रकरणाने मला धडकी भरते ती निराळ्या कारणाने. कादंबरीकार जे लिहितो ते कधीकधी घराला भोगावे लागते. हॉथॉर्नने जास्तीचे त्रिकोण लिहिले, घराला ते मिळाले. आणि एखाद्याने पडझड लिहिली तर?

येथे मला ‘वाडा चिरेबंदी’विषयी बोलले पाहिजे, कारण आम्हा वैदर्भीय लेखकांच्या पिढीवर त्या नाटकाची छाया आहे. महेश एलकुंचवारांचे हे नाटक १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणले. धरणगावचे देशपांडे, गेलेले तात्याजी, तेराव्याचा खर्च कोठून करायचा ही विवंचना, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, वेळ विचारीत बसलेली दादी, शिकायचे राहून गेलेली प्रभा. (त्यातला शिकवणीचा मास्तर आमच्या धंद्याला काही शोभा आणीत नाही, पण ते असो.) वाडा खचतो आहे हे आपण पाहतो. पण एलकुंचवार वाडा पडतो म्हणून हळहळत बसत नाहीत. तो का पडतो त्याचा हिशेब ते पैपैने देतात. जमिनीचे उत्पन्न गेले, देशपांडेपणाचा तोरा गेला नाही. श्राद्धाला कर्ज काढवते, भिंतीला काढवत नाही. आणि त्या दगडांचा सगळा भार घरातल्या बायांच्या डोक्यावर आहे. नाटकातला वाडा हे प्रतीक आहे असे परीक्षक लिहितात. मला तो आधी वाडा वाटतो, ज्याची डागडुजी वेळेवर झालेली नाही असा.

आम्ही अनुकरण करणाऱ्यांनी काय उचलले? धूळ, कोळिष्टके, वटवाघळे, करकरणारे दार. हिशेब तेथेच ठेवला. १९५१ साली मध्यप्रांतातली मालगुजारी संपली आणि आमच्या धानपट्ट्यातल्या शेकडो माड्यांचा पोशिंदा गेला. तलावाच्या पाळीवर माती टाकायची ती टाकणे थांबले, तसेच माडीवरचे कवेलू फेरणेही थांबले. हा केवढा मोठा विषय! पण आमच्या कादंबऱ्यांत माडी कोसळते ती नियतीने. कवेलू फेरणारा माणूस आमच्या पानांवर कधी येतच नाही. वास्तविक मातीच्या भिंतीच्या घराचे आयुष्य त्याच्या हातात असते. मृगाच्या आधी तो छपरावर चढतो, फुटके कवेलू काढतो, साचलेला पालापाचोळा झाडतो, ओळी नव्याने लावतो. त्या वर्षी तो चढला नाही तर पाणी आत शिरते, फाटा कुजतो, भिंतीची माती भिजते, आणि पाच वर्षांत लेखकाला लिहिण्याजोगे भग्न घर तयार होते.

मी हे अधिकाराने लिहितो, कारण हे पाप माझ्या हातून घडलेले आहे. मॅट्रिकपुढे मी शिकलो नाही. पण मॅट्रिकपर्यंत ज्या शाळेत शिकलो तिची इमारत इंग्रजी अमदानीतली होती. हातभर जाडीच्या भिंती, सागाचे चौकोनी खांब, कवेलूंचे छप्पर, दोन्ही बाजूंना पडवी. मेमध्ये पारा पंचेचाळिसावर गेला तरी आतल्या खोलीत मुलांना डुलकी लागे. पुढे त्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि पुढे कादंबरीही लिहिली. कादंबरीत शाळा आली. मला शोकांत हवा होता, म्हणून मी शाळेची इमारत झुकवली. पश्चिमेच्या पडवीच्या भिंतीला एक बोटभर चीर होती, ती मी पानभर वाढवली. वटवाघळे घातली. वासे कुजवले. एका परीक्षकाने वास्तूच्या वर्णनाची तारीफ केली तेव्हा मी ते कात्रण जपून ठेवले.

चार वर्षांनी इमारत ठेवावी की पाडावी म्हणून गावात सभा झाली. नव्या बांधकामाला पैसे मिळत होते, दुरुस्तीला मिळत नव्हते; ही अडचण खरी होती आणि मी ती लपवीत नाही. दोन-तीन वडीलधाऱ्यांनी इमारत भक्कम असल्याचे सांगितले. तेव्हा एक सद्गृहस्थ उठले आणि त्यांनी माझी कादंबरी उघडून त्यातला उतारा मोठ्याने वाचला. आपले गुरुजीच असे लिहितात, मग लेकरांच्या जिवाशी खेळ कशाला, असे ते म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून सांगायला हवे होते की मंडळी, ते वर्णन आहे, पाहणी नव्हे. चीर बोटभर आहे, वासे खणखणीत आहेत. मी उठलो नाही. का उठलो नाही ते आता स्पष्ट लिहायला हरकत नाही. गावात कोणीतरी माझी कादंबरी वाचली आहे, याचा मला आनंद झाला होता.

पंधरा दिवसांत इमारत उतरवली. ‘पाडली’ म्हणवत नाही, कारण ती पडेना. पश्चिमेची ती चिरेची भिंत सर्वांत शेवटी आली. आता तेथे स्लॅबच्या चार खोल्या आहेत. मार्चपासून पुढे दुपारच्या वर्गात मी शिकवतो आणि मुले वहीने वारा घेतात.

न्यूयॉर्कमध्ये अशीच एक मोठी पाडापाडी झाली होती. १९१० साली उघडलेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून उतरवू लागले. गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटचे ते भव्य काम मोडून वर क्रीडागृह आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. स्टेशन वाचले नाही. पण त्या संतापातून १९६५ साली शहराचा वास्तुरक्षणाचा कायदा आला आणि १९६६ साली साऱ्या देशाचा. मला त्यात कुतूहलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. त्याच १९६३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एडा लुईझ हक्स्टेबल या बाईंना वास्तुकलेच्या टीकाकार म्हणून नेमले. नाटकावर, संगीतावर लिहावे तसे त्या इमारतींवर लिहीत: हा जिना कोठे चुकला, हा दगड का शोभतो, हे पाडण्यात कोणाचा फायदा आहे. १९७० साली टीकालेखनाचे पुलित्झर पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले, ते त्यांना.

आपल्याकडे पुस्तकाला परीक्षक आहे, नाटकाला आहे, गाण्याच्या मैफलीलाही आहे. दिवाळी अंकांत कवितेच्या एका ओळीवर दहा पाने खर्च होतात, व्हावीतही. इमारतीवर असे नेमाने, तिच्या आत जाऊन, तिच्या दोषांसकट लिहिणारे सदर माझ्या वाचनात नाही. परिणाम असा की, इमारतीविषयी मराठीत दोनच सूर शिल्लक राहिले: पोवाडा किंवा विलापिका. किल्ला असेल तर पोवाडा, वाडा असेल तर विलापिका, आणि स्टेशन, शाळा, दवाखाना, धर्मशाळा असेल तर काहीच नाही. आमच्या गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून जाणारी अरुंद रेल्वे १९०० नंतरच्या पहिल्या दशकात सुरू झाली आणि शंभर वर्षे चालली. तिची इंजिने आज नागपूरला मोतीबागेच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. इंजिनाला संग्रहालय मिळते. वाटेवरच्या छोट्या स्टेशनांच्या कवेलूंच्या इमारतींचे काय झाले, ते कोणी लिहिले?

असा टीकाकार चंद्रपूरच्या परकोटावर चढला असता तर त्याने काय पाहिले असते? मी वही मिटली आणि तसे पाहण्याचा प्रयत्न केला. पहिली गोष्ट दिसली ती सांध्यांची. जुने बांधकाम चुन्याचे. तो चुना घाणीत बैल फिरवून दिवसच्या दिवस मळलेला असे. त्यात वाळू, विटांची सुरखी, गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा असे जिन्नस जागोजागच्या चालीप्रमाणे पडत. असा चुना हळूहळू घट्ट होतो, दगडापेक्षा किंचित मऊ राहतो, आणि भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर सोडतो. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते. मग सांधा राहतो आणि दगडच सोलून निघतो. जीर्णोद्धार करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, सिमेंटच्या पोत्याला हेतू कळत नाही. आमच्याकडे किती देवळांना असे भक्तिभावाने सिमेंट फासले आहे आणि वर ऑइलपेंटचे हात दिले आहेत, ते मोजायला नको. दुसरी गोष्ट पिंपळाची. सांध्यात रुजलेले रोप वरून छाटले तर मूळ आत जाड होत राहते. ते मुळासकट मारावे लागते, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे लागते. त्या तरुणांनी केलेले काम एकदाचे नाही. ते कवेलू फेरण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मला दिसली नाही, ऐकू आली. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, “काका, तुम्हाला भिंत पाहायला छान वाटते. आमच्या घराला वरचा मजला घेता येत नाही.” संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करायचे नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने करायचे, हा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा. माळावरच्या एकट्या देवळाला तो ठीक बसतो. येथे ११ किलोमीटर लांबीची भिंत भर वस्तीतून जाते. तिच्या दोन्ही अंगांना १०० मीटर धरले की बरीच जुनी वस्ती आत येते. दोन भाऊ वेगळे होतात आणि एकाला खोली बांधता येत नाही. तो भाऊ त्या तटाला मूक साक्षीदार म्हणेल काय? कायदा नको असे मी म्हणत नाही. तो नसता तर तट कधीच विटांच्या भावाने गेला असता. पण त्या भावाचे म्हणणे ज्यात नाही असे परकोटावरचे लेखन खोटे आहे, मग ते कितीही ललित असो.

मी त्या मुलाला विचारले, तुझ्या घरातून तट दिसतो का? तो म्हणाला, “दिसतो म्हणजे काय, आमच्या न्हाणीघराची मागची भिंत तीच आहे.”

परत आल्यावर मी एक उद्योग आरंभला आहे. आमच्या शाळेच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा कोणी काय घेतले ते विचारीत फिरतो. आधी लोकांना वाटले, मास्तर चौकशी करतो आहे; आता स्वतःच बोलावून दाखवतात. कवेलू तीन गावांत विखुरले आहेत. पंधरांपैकी अकरा सागाचे खांब सापडले. सहा एका राइस मिलच्या शेडला, तीन एका घराच्या ओसरीला, दोन एका गोठ्यात. गोठ्यातल्या एका खांबावर माझ्या वर्गातल्या पाच जणांची नावे कर्कटकाने कोरलेली आहेत. चार वाचता येतात. पाचव्यावर बैल अंग घासतो, त्यामुळे ते गुळगुळीत झाले आहे. मी फूटपट्टीने खांबाची जाडी मोजून वहीत लिहिली, नऊ इंच, आणि लाकूड ठोकून पाहिले. कोठेही कुजलेले नाही.